माझा तिसरा सिरीज बोर्ड : नऊ वर्षांच्या वापरानंतर

परवा संध्याकाळी एक ताई इंडक्शन शेगडी घेऊन आल्या. दोन ठिकाणी दुरुस्त करून झालेली. दोन्हीकडे "आयजीबीटी गेलाय" म्हणून तो, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, नवा टाकून दिला होता, आणि दोन्ही वेळा घरी प्लग लावून बटण दाबताक्षणी फट् आवाज आणि घरातला एमसीबी खाली. साडेआठशे रुपये गेले, शेगडी होती तिथेच.

मी जळका आयजीबीटी आणि ब्रिज (एसीचा डीसी करणारा पार्ट) काढला, नवे टाकले आणि शेगडी माझ्या सिरीज बोर्डला लावली, म्हणजे मेन्स आणि दुरुस्तीचा सेट ह्यांच्या मध्ये तारेचा दिवा घालणाऱ्या फळीला. १०० वॅटचा दिवा लुकलुकायला लागला. पेटला, विझला, परत पेटला. लगेच बंद केलं, प्लग काढला, कंडेन्सर उतरवला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढली, आणि आयजीबीटी मोजला. शाबूत. मग त्याच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, जाणारी ८०५० आणि ८५५० ट्रान्झिस्टरची जोडी काढून तपासली. त्यातला ८५५० ओपन झालेला. गेटवरचे १८ व्होल्ट खाली ओढायचं काम त्याचं. ते होत नव्हतं, म्हणून आयजीबीटी चालू झाला की चालूच राहत होता. पाच-सात रुपयांचा पार्ट. तो बदलल्यावर दिवा एकदा चमकून विझला आणि विझलेलाच राहिला.

आधीच्या दोघांना काम येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. गेलेला पार्ट त्यांनी बरोबर ओळखला होता. पण बदललेला पार्ट थेट मेन्सवर लावून बघायला भीती वाटते आणि दुसरी काही सोय नसेल, तर माणूस न तपासताच सेट गिऱ्हाइकाच्या हातात देतो. ही सोय घरी बनवता येते. मी ती तीनदा बनवली, मोडली, बदलली. बाजारातल्या वस्तूबद्दल लिहितात तसंच आज तिच्याबद्दल लिहिते: काय चांगलं निघालं, काय फसलं आणि खर्च किती आला.

माझं नाशिकरोडला घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मिक्सर, इंडक्शन, इस्त्री, एलईडी टीव्ही, राऊटरचे अ‍ॅडॅप्टर, असं सगळं येतं. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण सातपूरच्या आयटीआयमधलं, पण सिरीज बोर्ड तिथला नाही. तो मामाचा.

मामाचं मनमाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आंब्याच्या पेटीची फळी, तिच्यावर एक होल्डर, शेजारी दोन पिनांचा सॉकेट. फेजची वायर होल्डरमधून फिरून सॉकेटला, न्यूट्रल थेट. बस्स. मामा सांगायचा, "आधी दिव्याला विचार, मग सेटला लाईट दे." सेटमध्ये शॉर्ट असेल तर सगळे २३० व्होल्ट दिवाच घेतो, लख्ख पेटतो आणि सेटला काही होत नाही. तार तापली की १०० वॅटच्या दिव्यातून ०.४३ अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. तोच शॉर्ट थेट मेन्सवर लावला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि फ्यूज उडेपर्यंत निम्मा बोर्ड काळा पडतो. सेट ठीक असेल तर कंडेन्सर भरताना दिवा क्षणभर चमकतो आणि मग मंद होतो किंवा विझतो. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही यायला लागले. त्यांची डीगॉसिंग कॉइल (पिक्चर ट्यूबचं चुंबकत्व काढणारी) सुरू झाली की दिवा दोन-तीन सेकंद चांगला उजळून मग हळूहळू उतरायचा. "हा श्वास घेतोय, घाबरू नको," असं मामा म्हणायचा. हे सगळं मी दहावी-अकरावीत असताना त्याच्या दुकानात बसून पाहिलं.

ह्याच बोर्डावर मला आयुष्यातला सगळ्यात मोठा शॉक बसला. टीव्ही बोर्डला लावलेला, दिवा विझलेला. मला वाटलं, दिवा आहे ना मध्ये, मग काय होतंय. एक हात चॅसीला, दुसरा शेजारच्या लोखंडी कपाटाला. मामाने पायाने प्लगची वायर ओढली म्हणून आज लिहिते आहे. आणि तेवढा सगळा वेळ तो दिवा पेटला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

हे नीट समजून घ्या, कारण आजही कितीतरी मुलं त्याच समजुतीत काम करतात. सिरीजचा दिवा सेटला वाचवतो. माणसाला वाचवत नाही. माणसाचा जीव जायला अ‍ॅम्पिअरचा दहावा भागही जास्त होतो. तेवढ्या करंटला १०० वॅटची तार धड लालसुद्धा होत नाही. सेटला करंट कमी लागत असेल तर दिव्यापलीकडे जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट तसेच उभे असतात. माणूस जाईल आणि दिवा पेटणारही नाही.

त्यामुळे माझा पहिला बोर्ड, म्हणजे मामाच्या फळीची नक्कल, मी कुणालाच सुचवणार नाही. दुसरा मी ऑनलाइन तयार विकत घेतला होता. दिसायला सुरेख: सनमायका, तीन होल्डर, इंडिकेटर, तीन पिनांचा सॉकेट. लावण्याआधी मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकाला वायरच नव्हती. स्विच आणि दिवे न्यूट्रलमध्ये टाकलेले. म्हणजे स्विच बंद केला तरी सेटवर फेज कायम. वायर इतकी बारीक की बोटाने पिळून तुटली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे आणखी दोन ठिकाणचे तसे बोर्ड लोकांनी माझ्याकडे आणले आणि त्यांतल्या एकाचं अर्थिंग तसंच रिकामं होतं. तयार बोर्ड घेतला असेल तर एवढंच करा: झाकण उघडा, आणि समोरून पाहताना वरच्या भोकाला अर्थ, उजव्याला फेज, डाव्याला न्यूट्रल आहे का, हे मीटरने बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा बोर्ड २०१६ च्या पावसाळ्यात बनवला. तोच आज टेबलावर आहे.

प्लग टॉप १६ अँपिअरचा, तिथून दीडची तांब्याची वायर आधी आरसीसीबीला: २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर. पूर्ण बोर्डात सगळ्यात महाग वस्तू हीच. एकवीसशे रुपये तेव्हा मोजले. घरातल्यांनी विचारलं, एवढ्याशा फळीला एवढं कशाला? फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे वाटेत कुणाच्या तरी अंगातून जमिनीत उतरला, तर आरसीसीबी दोन्ही वायरी तोडतो. ३० मिलिअँपिअरच्या फरकाला ०.३ सेकंदाच्या आत. शॉक जाणवतो, पण हात चिकटून राहत नाही. नऊ वर्षांत तो माझ्यासाठी दोनदा पडला. ते एकवीसशे रुपये तेव्हाच वसूल झाले. दर सोमवारी दुकान उघडल्यावर आधी त्याचं टेस्ट बटण दाबते. मात्र एक हात फेजला आणि एक न्यूट्रलला लागला, तर आरसीसीबीच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक दिवाच. तो पडणार नाही. म्हणून काम एकाच हाताने, डावा हात पाठीमागे. हातातल्या पाटल्या, घड्याळ आणि मंगळसूत्र दुकानात आल्यावर डबीत जातं. लांब मंगळसूत्र घालून उघड्या सेटवर वाकणं मला परवडणारं नाही. पायाखाली रबरी मॅट आहे, आयएस १५६५२ चा शिक्का पाहून घेतलेली. फिटनेसच्या दुकानातली फोमची चटई त्या कामाची नाही.

आरसीसीबीच्या पुढे वाट दोन ठिकाणी फुटते. एक ६ अँपिअरच्या एमसीबीतून दिव्यांकडे, दुसरी १६ च्या एमसीबीतून थेट सॉकेटला. दिवे तीन: ४०, १०० आणि २०० वॅट. एकमेकांना समांतर, प्रत्येकाला स्वतःचा स्विच, स्विच फेजमध्ये. होल्डर चिनी मातीचे. आधी प्लास्टिकचे लावले होते, पण २०० वॅटचा दिवा दहा मिनिटं पेटला की होल्डर मऊ पडायला लागायचा आणि वास यायचा. २०० चा होल्डर फळीपासून दोन इंच वर उचलून घेतला आहे, नाहीतर प्लायवूड करपतं.

आऊटपुटच्या सॉकेटवर लाल निऑन इंडिकेटर आहे, आणि मला ह्या बोर्डातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. दिवा विझलेला दिसला की डोळ्यांना वाटतं, लाईट बंद आहे. तसं नसतं. लाल इंडिकेटर सांगतो की पलीकडे व्होल्टेज उभं आहे. सेटमध्ये शॉर्ट असेल तर आऊटपुटचं व्होल्टेज बसतं, लाल विझतो आणि सिरीजचा पिवळा दिवा पेटतो. म्हणजे बोर्ड चालू असताना दोघांपैकी एकजण जागा असतोच. दोघंही झोपलेले दिसले तरी मी आधी प्लग उपसते आणि मगच सेटला हात लावते, कारण दिव्याची तार तुटू शकते आणि निऑनही जाऊ शकतो.

एक चूक ह्या बोर्डातही मी केली होती, ती सांगते. सुरुवातीला दिव्यांना बायपास करणारा स्विच ठेवला होता. सेट सिरीजवर पास झाला की स्विच दाबायचा, सेट थेट मेन्सवर. फार सोयीचं वाटायचं. एका दुपारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाने आधीच्या मिक्सरसाठी तो दाबला आणि तसाच राहिला. मी त्या सॉकेटला इंडक्शन लावली. शंभर-सव्वाशेचा आयजीबीटी गेला, पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा तुकडा उडून मुलाच्या भुवईला लागला. डोळा थोडक्यात वाचला. चूक त्याची नव्हती. बोर्ड असा बनवलाच कसा की एक विसरलेला स्विच एवढं करू शकेल? त्याच रात्री बायपास काढून टाकला. आता थेट सॉकेट बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याला झाकण आहे आणि झाकण उघडून प्लग हाताने हलवावा लागतो. आणि पहिल्यांदा लाईट देताना दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा.

आता दिवा वाचायचा कसा. इथे लोक फसतात, कारण "पेटला म्हणजे शॉर्ट, विझला म्हणजे ठीक" एवढंच त्यांना शिकवलेलं असतं.

इंडक्शनला १०० चा दिवा. ठीक शेगडी स्टँडबायला असताना तार अगदी मंद लालसर दिसते किंवा तेवढीही नाही. तो लालसरपणा आतल्या मेन्स फिल्टरच्या कंडेन्सरमुळे असतो, दोष नव्हे. मी नवा आयजीबीटी बसवण्याआधी तो न लावताच बोर्डला जोडते आणि १८ व्होल्ट, ५ व्होल्ट मोजून घेते. परवाच्या शेगडीत दोन्ही बरोबर होते, तरी दिवा लुकलुकला. आयजीबीटी अडकून चालू राहिला की सगळं व्होल्टेज दिवा खातो, आतले १८ व्होल्ट बसतात, त्यामुळे गेट सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढतं आणि चक्र फिरतं. ते लुकलुकणं बघूनच मी ड्रायव्हरकडे, म्हणजे त्या ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे, वळले. सिरीजमध्ये असताना भांडं ठेवून सुरू बटण दाबू नका. व्होल्टेज पडतं, शेगडी एरर दाखवते आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. तापवायची परीक्षा थेट सॉकेटवर, एक लिटर पाणी ठेवून.

एलईडी टीव्हीला २०० चा. मोठ्या टीव्हींच्या पॉवर सप्लायमध्ये पीएफसी (मेन्समधून ओढलेला करंट सुधारणारं सर्किट) असतो, तो १०० च्या दिव्यामागे नीट उठत नाही. दिवा धडधडतो आणि चांगला सप्लायही खराब वाटतो. माझे असे दोन सप्लाय विनाकारण खोलून झाले तेव्हा हे कळलं. बॅकलाईट सोडवून ठेवली तर आणखी बरं.

मिक्सरच्या बाबतीत दिव्याची साक्ष कमकुवत. उभ्या मोटारीचा रोध मुळातच इतका कमी असतो की चांगली असो की जळकी, सुरुवातीला दिवा लख्खच दिसतो. तार तुटली आहे का, एवढं कळतं. इस्त्रीचं त्याहून वाईट. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध ५३ ओहम, १०० वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा ५२९. म्हणजे दहापैकी नऊ हिस्से व्होल्टेज दिवाच घेणार. नवी कोरी इस्त्रीसुद्धा शॉर्ट असल्यासारखी दिसते. इस्त्री आणि गिझरला दिवा नको, मीटर घ्या: २३० चा वर्ग भागिले वॅट. ७५० ची इस्त्री ७० ओहम, २००० चा गिझर साडेसव्वीस. आणि बॉडीला लीकेज आहे का ते मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने. मी हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा जुना मेगर घेतला आहे. त्याला घरगुती पर्याय मला सापडला नाही आणि शोधायचाही नाही.

मायक्रोवेव्ह ओव्हन ह्या बोर्डला मी लावत नाही. आत ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या घरात काढतो आणि तिथे पहिली चूक शेवटची असते. ते काम मी घेतच नाही.

एलईडी बल्ब दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक. हल्ली बचत गटांच्या प्रशिक्षणातही हे काम शिकवतात. त्या स्वस्त ड्रायव्हरला मेन्सपासून आयसोलेशन, म्हणजे विजेची फारकत, नसतं. समोरच्या एलईडीच्या पट्टीवर, अगदी त्या पांढऱ्या गोल प्लेटवरच्या टाक्यांवर, मेन्स असतो. ४० चा दिवा सिरीजमध्ये लावला तर ड्रायव्हर वाचेल, बोट नाही.

आणि हो, सिरीजला एलईडी किंवा सीएफएल बल्ब लावून चालत नाही. त्यांच्या आत ड्रायव्हर असतो. तो करंट आपल्या हिशोबाने ओढतो. तारेचाच दिवा हवा, कारण तार गार असताना तिचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो आणि करंट वाढला की आपोआप चढतो. ठीक सेटला तो वाट देतो, शॉर्ट सेटला अडवतो. त्या काचेच्या गोळ्यात हा शहाणपणा फुकट मिळतो, आणि म्हणून मला तो इतका प्रिय आहे.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बोर्डला २०१९ मध्ये जोडला. टीव्हीचा सप्लाय चालू ठेवून आत मोजावं लागतं आणि स्कोपची (ऑसिलोस्कोपची) क्लिप लावायची तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. क्लिप अर्थला जोडलेली असते, ती हॉट बाजूला लागली की शॉर्ट. अंबडच्या एका वाइंडरकडून २३० ला २३०, २५० व्हीएचा बांधून घेतला, सव्वीसशे रुपयांत. काम सुबक, आवाज नाही, तीन तास चालवला तरी कोमट. पण पहिल्यांदा आणला तेव्हा सेकंडरीचं (आऊटपुटच्या वाइंडिंगचं) एक टोक आणि लोखंडी पत्त्यांची बॉडी ह्यांत मीटरने बीप दिला. मशीनच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरला तसं अर्थ करतात, त्या सवयीने त्यांनी ते जोडून दिलं होतं. तसा वापरला असता तर तो नावापुरताच आयसोलेशन राहिला असता. परत नेला, त्यांनी लगेच सोडवून दिला. तुम्ही बांधून घेतलात तर आधी हेच मोजा. सोडवल्यावरही डिजिटल मीटर सेकंडरी आणि अर्थमध्ये ८०-९० व्होल्ट दाखवतो. ते भुताचं व्होल्टेज, वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्सचं. मी खात्रीसाठी तिथे झिरोचा बल्ब लावून पाहिला, तारसुद्धा लाल झाली नाही.

दोन गोष्टी विसरू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आरसीसीबी आंधळा असतो. दोन्ही वायरींना हात लागला तर कुणीही तोडायला येणार नाही. आणि डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, हे आयसोलेशन नव्हे. कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलेला असतो, मोठा गोल, जड, त्यामुळे मुलांना तो सुरक्षित वाटतो. त्याच्यात एकच वाइंडिंग असतं, इनपुट-आऊटपुट तांब्याने जोडलेले. घरातल्या स्टॅबिलायझरचंही बहुतेक वेळा तेच. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला हे मी मीटर लावून दाखवलं, तेव्हा त्याला पटलं.

कंडेन्सर उतरवायची वायर बहुतेक लोक बनवतच नाहीत. पक्कड नाहीतर स्क्रूड्रायव्हर टेकवतात. एसएमपीएसच्या, म्हणजे हल्लीच्या पॉवर सप्लायच्या, मोठ्या कंडेन्सरवर ३२० व्होल्ट असतात. २२० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात अकरा ज्यूलच्या वर ऊर्जा. पक्कड टेकवली की ठिणगी, टाका उडतो, कधी पट्टीच सुटते. मी २.२ किलोओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर घेतला, दोन्हीकडे मीटरच्या जुन्या प्रोबच्या वायरी जोडल्या, टाक्यांवर जाड स्लीव्ह. पाच आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा, मग मीटरने शून्य बघायचं. खर्च तीस रुपये. तुम्ही ह्या लेखातलं एकच काही बनवणार असाल तर हे आजच बनवा.

अ‍ॅडॅप्टर तपासायला लोडही घरचाच. नुसत्या मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून राऊटरचा अ‍ॅडॅप्टर चांगला होत नाही. लोड दिला की ७ वर येतो. २२ ओहमचे, १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर समांतर, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बांधलेले: १२ व्होल्टवर एक अँपिअर आणि थोडं वर. मोबाईलच्या चार्जरला १० ओहमचे दोन, ५ व्होल्टवर एक अँपिअर. आधी मी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब वापरायची. तो लोड म्हणून दिसतो छान, पण गार तार सुरुवातीला इतका करंट ओढते की चांगला अ‍ॅडॅप्टरही घाबरून स्वतःला बंद करून घेतो. सोडून दिला.

पैशांचं म्हणाल तर बोर्ड २०१६ मध्ये सव्वातीन हजारांच्या आसपास पडला, त्यातला मोठा वाटा आरसीसीबीचा. ट्रान्सफॉर्मर वेगळा. आरसीसीबी वगळून हजारभरात बोर्ड होतो, आणि म्हणूनच लोक तो वगळतात. मी हात जोडून सांगते, दिवे दोनच लावा, फळी जुनी घ्या, स्विच काढलेले वापरा, पण तो वगळू नका. तुमच्या दुकानाला अर्थिंग नसेल तर ती आधी करून घ्या, वायरमनला बोलावून. वायरिंगची सवय नसेल तर बोर्ड जोडून झाल्यावर पहिल्यांदा लाईट देण्याआधी जाणत्या माणसाला मागून दाखवा. माझा तिसरा बोर्ड मी मामाला दाखवायला मनमाडला घेऊन गेले होते. त्याने चष्मा लावून एकेक स्क्रू ओढून पाहिला, दोन पुन्हा आवळले आणि आरसीसीबीचं बटण स्वतः दाबून बघितलं.

परवाच्या शेगडीवर काल सकाळी थेट सॉकेटला लावून वीस मिनिटं पाणी उकळलं. ताई दुपारी घेऊन गेल्या.

आता माझी खरी अडचण. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि घराघरांत एलईडी पोचले. वीज वाचली, उत्तमच झालं, पण तारेचे दिवे दुकानांतून गेले. झिरोचे आणि ४० चे मिळतात, १०० चा विचारला तर दुकानदार माळ्यावर चढतो. २०० चा माझ्याकडे बोर्डात एक आणि कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन आहेत. शेवटचे येवल्यातल्या एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाले होते. पिन होल्डरचा २०० वॅटचा तारेचा दिवा तुमच्या गावात कुठे मिळत असेल, तर खाली नक्की लिहा. सहा घेईन म्हणते.